रान राखणारी गावे

पूर्व बालीतल्या तेंगानान पेग्रिंगसिंगान या गावात ड्युरियन पिकला, तरी झाडाचा मालक तो काढू शकत नाही. झाडावर चढून फळ तोडायला तिथे बंदी आहे. फळ आपोआप गळून पडायचे आणि ज्या गावकऱ्याच्या नजरेला ते आधी पडेल त्याने उचलायचे. केमिरी म्हणजे जंगली अक्रोड, पांगी आणि फणसाच्या कुळातला तेहेप या झाडांनाही हाच नियम आहे. जमिनीच्या कागदावर नाव कोणाचेही असो, झाडाबाबत शेवटचा शब्द गावाचा.

जिवंत झाड तोडायचे नाही. वाळलेले असले तरी आधी गावाला कळवायचे, गावाने येऊन पाहायचे, मग कुऱ्हाड लावायची. नव्याने घर बांधणाऱ्याला लाकूड लागले तर त्याने गावापुढे मागणी ठेवायची. गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. हे सगळे गावाच्या लिखित कायद्यात, म्हणजे ‘अविग-अविग’मध्ये, नोंदलेले आहे. १८४१ मध्ये लागलेल्या आगीत ही पोथी जळाली, तेव्हा गावाने पुढच्याच वर्षी ती पुन्हा लिहून काढली. जळालेल्या घरांइतकीच गावाला जळालेल्या नियमांची निकड वाटली, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे.

या नियमांमागे रोजची गरजही आहे. तेंगानानमध्ये ‘ग्रिंगसिंग’ नावाचे वस्त्र विणतात. त्याचे उभे आणि आडवे असे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवलेले असतात. पाटणचा पटोला ज्या तंत्राने विणला जातो तेच हे तंत्र. भारत, जपान आणि बाली एवढ्याच ठिकाणी ते टिकून आहे. ग्रिंगसिंगचे सूत रंगाआधी केमिरीच्या तेलात मुरवावे लागते. हे वस्त्र रोगराई आणि अरिष्ट दूर ठेवते, अशी बालीभर श्रद्धा आहे. केमिरीची झाडे गेली तर तेल जाईल, तेल गेले तर वस्त्र जाईल आणि वस्त्राशिवाय गावाचा एकही मोठा विधी पुरा होणार नाही.

बालीच्या रानाबद्दल लिहिताना देव, भुतेखेते आणि नैवेद्य यांचीच वर्णने आधी येतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. नुसत्या भक्तीने जंगल टिकले असते, तर जगातली बहुतेक देवस्थाने आज गर्द झाडीत असती. बालीतली श्रद्धा कुठल्या तरी लेखी किंवा सर्वमान्य नियमाला बांधलेली आहे. नियम मोडणाऱ्याला दंड आहे आणि तो वसूल करणारे गाव अजून जागे आहे. हे सगळे जिथे एकत्र नांदते तिथे रान उभे आहे. यातली एक कडी निसटली, की देवळाभोवतीचे झाडही सुरक्षित राहत नाही. पुढच्या पानांतला विषय याच नजरेने वाचावा, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे.

आधी बेटाकडे पाहू. बालीचे क्षेत्रफळ जेमतेम ५,८०० चौरस किलोमीटर. एकट्या पुणे जिल्ह्यात अशी जवळपास पावणेतीन बेटे मावतील. लोकवस्ती २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ४३ लाख. बेटाच्या मध्यातून ज्वालामुखींची रांग जाते. तिच्यात तीन हजार मीटरहून उंच गुनुंग आगुंग आहे, बतुर आहे, बतुकारू आहे. जुन्या ज्वालामुखींच्या खोलगट मुखांत बतुर, बेरातान, बुयान आणि तांबलिंगान ही चार सरोवरे आहेत. त्यांतून बाहेर पडणारी नदी जमिनीवर दिसत नाही. पाणी खडकांतून झिरपते आणि खालच्या उतारांवर झरे होऊन उगवते. या झऱ्यांवर आणि नद्यांवर भाताची खाचरे उभी आहेत. म्हणून बालीत डोंगरावरच्या रानाचा प्रश्न हा खालच्या ताटातल्या भाताचा प्रश्न आहे, आणि हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या पाण्याची वाटणी करणारी शेतकऱ्यांची संस्था म्हणजे ‘सुबाक’. तिचे उल्लेख अकराव्या शतकातल्या लेखांत सापडतात. एका पाटावर अवलंबून असलेले सगळे शेतकरी एका सुबाकाचे सभासद असतात. पाणी कधी सोडायचे, लावणी कधी करायची, कोणत्या हंगामात जमीन कोरडी ठेवायची, हे ते मिळून ठरवतात. सुबाकांच्या वर जलमंदिरे आहेत आणि त्या सर्वांच्या वर बतुर सरोवराचे पूरा उलुन दानू बतुर हे मंदिर. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकाचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. सुमारे १९,५०० हेक्टरच्या या वारशात भाताच्या पायऱ्या आणि मंदिरे तर आहेतच, शिवाय पाणी राखणारे सरोवर आणि रानही आहे.

मंदिरांचे हे जाळे किती व्यवहारी आहे, याची परीक्षा हरितक्रांतीने घेतली. १९७० च्या दशकात सरकारने नव्या भाताच्या जाती आणल्या आणि प्रत्येकाने जमेल तितक्या वेळा पीक घ्यावे असा रेटा लावला. जलमंदिरांनी ठरवलेली पेरणीची वेळ मागे पडली. काही वर्षांतच पाण्यावरून गोंधळ उडाला, तुडतुडे आणि विषाणूजन्य रोग खाचरांवर तुटून पडले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रामर्स’ या १९९१ च्या पुस्तकात याचे कारण उलगडून दाखवले. शेजारचे सुबाक एकाच वेळी लावणी करतात आणि एकाच वेळी जमीन पडीक ठेवतात, तेव्हा किडीला खायला काही उरत नाही आणि ती मरते. मात्र सगळ्यांनी एकदमच लावणी केली, तर पाणी पुरत नाही. या दोन ओढाताणींतला मध्य जलमंदिरांनी पिढ्यान्‌पिढ्या साधला होता. संगणकावर केलेल्या प्रतिकृतीतही मंदिरांच्या पद्धतीचाच निकाल सरस ठरला.

झाडांसाठी बालीत स्वतंत्र सण आहे. बालीची एक कालगणना २१० दिवसांची. तिच्यातल्या ठरावीक शनिवारी ‘तुम्पेक वारिगा’ येतो. कुठे त्याला ‘तुम्पेक उदुह’ म्हणतात, कुठे ‘तुम्पेक बुबुह’. या दिवशी घरचा माणूस परसातल्या नारळाजवळ, फणसाजवळ, आंब्याजवळ जातो. खोडावर सुरीच्या पाठीने हलकेच ठोकतो, तांदळाची पातळ खीर लावतो, नैवेद्य ठेवतो आणि घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावे तसा झाडाशी बोलतो. पंचवीस दिवसांनी ‘गालुंगान’ आहे, तेव्हा भरपूर फळ, एवढीच त्याची विनवणी. गालुंगान हा बालीचा सर्वांत मोठा सण. त्याला लागणारी फळे, पाने, नारळ परसातूनच यायचे. सणाच्या तयारीची सुरुवात झाडाला आठवणीने भेटण्यापासून होते. अलीकडे प्रांतिक सरकारनेही या दिवशी शाळा, कार्यालये आणि गावांनी झाडे लावावीत असे परिपत्रक काढले आहे.

बालीची दुसरी कालगणना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. ती शकाची आहे. बालीचे नववर्ष, म्हणजे सगळे बेट एक दिवस ठप्प ठेवणारा ‘न्येपी’, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येतो. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला होते.

रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे कापड गुंडाळलेले दिसते. ते ‘पोलेंग’. हे झाड ‘तेंगेत’ आहे, इथे दुसऱ्या कोणाचा तरी वास आहे, जपून वागा, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावते. मोठे वड, स्मशानाजवळचे केपुह आणि पुले ही झाडे विशेष मानाची. पुले म्हणजे आपली सातवीण. बारोंग आणि रांग्दा या पौराणिक पात्रांचे पवित्र मुखवटे तिच्याच लाकडाचे करतात. त्यासाठी झाड आडवे करत नाहीत. योग्य दिवस पाहून पुजारी झाडाकडे लाकूड मागतो, खोडातला हवा तेवढा भाग काढून घेतात आणि झाड पुढे जगते. दहनानंतरच्या आत्मशुद्धीच्या विधीत वडाची पाने लागतात, आणि ती खुडायलाही गाव वाजतगाजत जाते. ज्या झाडाशिवाय मेलेल्याचा पुढचा प्रवास अडतो, ते झाड तोडायला कोण धजावेल?

वनस्पतींचे ज्ञान ताडपत्रांवरही उतरले आहे. ‘तरु प्रमाण’ या नावाच्या पोथीत झाडे बोलतात. औषध लागू पडेना म्हणून खिन्न झालेल्या मपू कुतुरान या ऋषीपुढे एकेक वनस्पती येते, आपले नाव सांगते, आपला गुण उष्ण की शीत ते सांगते, मूळ, साल आणि पान कशावर चालते ते सांगते. बालीचे वैद्य, म्हणजे ‘बालियान’, आजही या परंपरेचा आधार घेतात. घरबांधणीच्या शास्त्रातही कोणते लाकूड देवळाला आणि कोणते घराला याची उतरंड आहे. घरासाठी फणसाला मोठा मान. खांब उभा करताना त्याचे बुडखे खालीच राहिले पाहिजे, झाड रानात जसे उभे होते तसेच. सुताराला यासाठी लाकडाची ओळख असावी लागते, आणि ज्याला लाकूड ओळखता येते त्याला रानही ओळखता येते.

मात्र हे सारे चालवते कोण? उत्तर आहे ‘देसा आदात’, परंपरागत गाव. बालीत अशी सुमारे पंधराशे गावे आहेत. सरकारी ग्रामपंचायत निराळी आणि हे गाव निराळे. १९७९ च्या कायद्याने इंडोनेशियाभर गावकारभाराचा एकच साचा लादला, तरीही बालीत देसा आदात टिकले. २०१९ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. ‘कुलकुल’ या लाकडी घंटेच्या आवाजावर सभा भरते. अविग-अविगची मूळ कलमे क्वचित बदलतात. बदलत्या परिस्थितीसाठी सभा ‘परारेम’, म्हणजे पुरवणी ठराव, करते. चुकणाऱ्याला आधी समज, मग दंड, आणि अगदी शेवटी वाळीत टाकणे. या शेवटच्या शिक्षेचा धाक मोठा, कारण बालीत लग्न, दहन, देऊळ यांतले काहीच एकट्याला करता येत नाही. आजच्या नजरेने ती कठोर आहे आणि तिचा गैरवापरही झालेला आहे. हेही मोकळेपणाने मांडल्याखेरीज बालीची गोष्ट पुरी होत नाही.

गावाची ही ताकद कुठे दिसते? बांगलीजवळच्या पेंगलिपुरानमध्ये वस्तीच्या पाठीमागे सुमारे ४५ हेक्टरचे बांबूचे बन आहे. गावातल्या पारंपरिक घरांची छपरे बांबूच्या चिपांची, म्हणून बन राखणे हे गावाचे सामाईक काम. १९९५ मध्ये या गावाला ‘कल्पतरू’ हा इंडोनेशियाचा राष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार मिळाला. उबुदजवळच्या पादांगतेगाल गावाने आपल्या देवळाभोवतीचे माकडांचे रान स्वतः चालवायला घेतले आहे. पर्यटकांच्या तिकिटांचा पैसा देसा आदातकडे येतो आणि त्यातून रानाची देखभाल होते.

याहून बोलके उदाहरण बाली मैनेचे आहे. पांढराशुभ्र, डोळ्याभोवती निळी कातडी असलेला हा पक्षी जगात फक्त बालीतच आढळतो. पिंजऱ्यासाठी त्याची इतकी चोरटी पकड झाली, की २००१ मध्ये पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानात मोकळे असे अवघे सहा पक्षी मोजले गेले. उद्यानाला रक्षक होते, कायदा होता. २००६ मध्ये फ्रेंड्स ऑफ द नॅशनल पार्क्स फाउंडेशन या संस्थेने दुसरी वाट धरली. शेजारच्या नुसा पेनिदा बेटावर पक्षी सोडण्याआधी तिचे लोक गावोगाव बसले, आणि गावांनी आपापल्या अविग-अविगमध्ये पक्ष्यांना संरक्षण दिले. तिथे सोडलेल्या मैनांनी घरटी केली, पिल्ले वाढवली. जुना नियम नव्या गरजेला लावता येतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

याच बालीने वाघ मात्र कायमचा गमावला. बाली वाघाच्या शिकारीची शेवटची खात्रीची नोंद सप्टेंबर १९३७ ची आहे. तो राखायला ना कोणती पोथी पुढे आली, ना कोणते राज्य.

आता उत्तरेकडच्या तांबलिंगानला जाऊ. सरोवराभोवतीच्या सुमारे १,३०० हेक्टर रानाला तिथले लोक ‘आलास मेर्ताजाती’ म्हणतात. गोब्लेग, मुंदुक, गेसिंग आणि उमेजेरो ही चार गावे मिळून या रानाची आणि त्यातल्या देवळांची सेवा करत आली आहेत. त्यांच्या लेखी हे रान म्हणजे पाण्याचे उगमस्थान, म्हणून पूज्य. सरकारी दप्तरात मात्र ते राज्याचे वन आहे आणि नंतर त्यावर निसर्ग-पर्यटन उद्यान असा शिक्का बसला. ज्यांनी शतकानुशतके राखले त्यांना रानाच्या भवितव्यावर बोलण्याचा हक्क उरला नाही, आणि झाडे तोडली गेली तर चोराला अडवण्याचा अधिकारही उरला नाही. १६ मे २०१३ रोजी इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने परंपरागत समाजांचे वन हे राज्याचे वन नाही, असा निर्णय दिला. त्या निकालाच्या आधाराने ही चार गावे आपल्या रानाला पारंपरिक वनाचा दर्जा मागत आली आहेत. त्यांची मागणी रास्त आहे.

श्रद्धा राजकारणात उतरते तेव्हा काय होते, हेही बालीने पाहिले आहे. १९९३-९४ मध्ये तानाह लोट या समुद्रकाठच्या मंदिरालगत मोठ्या रिसॉर्टचा प्रकल्प आला आणि लोक खवळले. १९९४ मध्ये परिसादा हिंदू धर्म या संस्थेने ‘भिसामा’, म्हणजे धर्मादेश, काढला आणि मंदिराच्या दर्जाप्रमाणे भोवतीच्या पवित्र परिसराची हद्द ठरवून दिली. सर्वांत मोठ्या मंदिरांसाठी ती किमान पाच किलोमीटर आहे. २००९ च्या प्रांतिक भूवापर आराखड्यात हा आदेश सामील झाला, तरी तो शिथिल करावा असा दबाव तेव्हापासून सुरूच आहे. पुढे बेनोआच्या खाडीत सुमारे ७०० हेक्टर भराव घालण्याची योजना आली, तेव्हा कलावंत, विद्यार्थी आणि देसा आदात एकत्र रस्त्यावर उतरले. खाडीतली पवित्र स्थाने आणि भोवतीचे खारफुटीचे रान त्यांच्या लढ्याच्या केंद्रस्थानी होते. २०१९ मध्ये खाडी सागरी संवर्धनक्षेत्र म्हणून जाहीर झाली.

इथे सावधगिरीचा शब्द हवा. बालीबद्दलच्या प्रत्येक माहितीपत्रकात ‘त्रिहितकरण’ हे तत्त्व येते. देवाशी, माणसांशी आणि निसर्गाशी सलोखा असे त्याचे तीन पाय. ते अनादी आहे असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात या नावाने ते १९६० च्या दशकात मांडले गेले. त्यामागचे आचार जुने आहेत, नाव नवे आहे. २००० पासून हॉटेलांनाही या तत्त्वाच्या नावाने पुरस्कार दिले जातात. डिक रॉथ आणि गेदे सेदाना या अभ्यासकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की सलोख्याच्या या गोड भाषेखाली पाणी आणि जमीन यांवरचे खरे झगडे झाकले जातात. पाटाच्या वरच्या टोकाला हॉटेल पाणी उपसत असेल, तर खालच्या सुबाकाला तत्त्वज्ञानाने भात पिकवता येत नाही.

श्रद्धेचा बोजाही रानावर आणि परसावर पडतो. नैवेद्याला लागणारी नारळाची कोवळी पाने आणि केळी आज मोठ्या प्रमाणावर जावाहून आणावी लागतात. २०२४ मध्ये ६३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक बालीत आले. त्यांतल्या काहींना पोलेंग गुंडाळलेले झाड छायाचित्राची पार्श्वभूमी वाटते. २०२२ मध्ये तबानानमधल्या एका पुरातन पवित्र झाडावर विवस्त्र छायाचित्र काढणाऱ्या परदेशी स्त्रीला देशाबाहेर पाठवण्यात आले, आणि गावाला शुद्धीचा विधी करावा लागला.

बेटावर नोंदलेले वनक्षेत्र सुमारे १ लाख ३० हजार हेक्टर, म्हणजे साधारण २३ टक्के आहे. इंडोनेशियाच्या १९९९ च्या वन कायद्याने किमान ३० टक्के सांगितले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्पासार आणि आसपासच्या भागाला पुराने झोडपले, दहाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सरकारलाच आयुंग नदीच्या पाणलोटात किती थोडी झाडी उरली आहे ते बोलून दाखवावे लागले. वरच्या उतारावरचे रान आणि खालच्या शहरातला चिखल यांचा संबंध सुबाकाच्या शेतकऱ्याला ठाऊक होता; शहर वसवणाऱ्यांनी त्याला विचारले नाही.

मराठी वाचक हा विषय परका म्हणून वाचणार नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून आपल्याकडेही रान आणि दैवत यांच्या नात्याची चर्चा चालू आहे. देवराईतली पडलेली काटकीही उचलू नये, असे सांगणारी गावे सह्याद्रीत होती आणि काही अजून आहेत. पण अनेक ठिकाणी त्याच देवाच्या जीर्णोद्धारासाठी, सभामंडपासाठी, रस्त्यासाठी झाडे तोडली गेली. देव राहिला, नियम सांगणारे गाव पांगले. दुसऱ्या बाजूला, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभेच्या बळावर तो चालवून दाखवला. तेंगानान आणि मेंढा यांचे देव वेगळे, कायदे वेगळे. सभेत बसून नियम करणारे आणि तो स्वतःला लावून घेणारे गाव मात्र दोन्हीकडे आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. बालीच्या या परंपरा वाचताना प्रत्येक ठिकाणी पाहावे, की नियम कोणी केला, तो मोडला तर कोण बोलतो आणि रानातून मिळणारे कोणाच्या हाती जाते. मग हेच प्रश्न आपल्या गावच्या देवराईला लावावेत. तिची हद्द कुठली, तिथे काय तोडायचे नाही, वाळलेल्या झाडाचे काय करायचे, हे जाणणारी म्हातारी माणसे अजून हयात असतील, तर त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे, ग्रामसभेपुढे ठेवावे आणि ठराव करून घ्यावा.